पाच पाकळ्या आणि एक अडकित्ता

आमच्या मालकांची टाळू अख्ख्या राहुरीला माहीत होती, चेहरा मात्र फार थोड्यांना. याला कारण त्यांचा कॅमेरा. तो डोळ्याला लावायचा नव्हताच. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि विहिरीत डोकावावं तसं वाकून आत बघायचं. त्यामुळे समोर स्टुलावर बसलेल्या माणसाला दिसायचं ते मधोमध चकाकणारं टक्कल आणि त्याच्याभोवती उरलेल्या केसांची झालर. कारखान्याचे चेअरमन असोत की नोकरीच्या अर्जाला फोटो लागतो म्हणून आलेला पोरगा असो, मालक सगळ्यांपुढे सारखेच वाकायचे. नवख्या माणसाला वाटायचं, काय नम्र गृहस्थ आहे. खरं सांगायचं तर मालकांइतका गर्विष्ठ माणूस मी त्या तालुक्यात दुसरा पाहिला नाही.

मालक म्हणजे माझे घरमालक. मुलींच्या शाळेत नोकरी लागून मी नगरहून राहुरीला आले तेव्हा बाजारपेठेतल्या त्यांच्या स्टुडिओच्या वरची खोली मला मिळाली. भाड्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. अट एकच घातली, की वरती धपधप चालायचं नाही. जमीन फळ्यांची होती आणि बरोबर माझ्या खोलीखाली त्यांची अंधारी खोली होती. मी जोरात पाऊल टाकलं की खाली मोठा होत असलेला कुणाचा तरी फोटो हलायचा आणि त्या माणसाला दोन नाकं यायची. असं झालं की मालक काठीनं छत ठोकायचे. राहुरीतली सगळी वर्षं मी चवड्यांवर चालले, आणि अजूनही माझी बहीण म्हणते की तू घरात चोरासारखी फिरतेस.

तरुणपणी ते मुंबईला एका स्टुडिओत होते. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, तो जर्मन कॅमेरा आणि पुस्तकी मराठी. कॅमेऱ्याला एकाखाली एक अशी दोन भिंगं होती. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. खालच्या भिंगाच्या पोटातच त्याचं शटर होतं, पोलादाच्या पाच पातळ पाकळ्यांचं. मी राहायला आले त्याच दिवशी मालकांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली, तो खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "बघा बाई, फूल उमलतं आणि मिटतं." त्यांनी बटण दाबलं. काळोखात एक पांढरी चांदणी उमटली आणि मी पुरती बघायच्या आत नाहीशी झाली. नंतर मी त्यांची कितीही थट्टा केली असेल, पण ते फार सुंदर होतं.

या पाकळ्यांचे लाड चालायचे. राहुरीच्या उन्हाळ्यात त्यांच्यावरचं तेल पातळ होऊन पसरतं आणि त्या चिकटतात, असं मालकांचं म्हणणं. म्हणून चैत्र लागला की कॅमेरा काकूंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी बसायचा. काकू म्हणजे मालकांच्या पत्नी. त्या पाणी घ्यायला आल्या की त्याला बाजूला सरकवायच्या, आणि मालक आले की परत जागेवर ठेवायचे. शटरची स्प्रिंग ताणून ठेवायची नाही, हा दुसरा नियम. फोटो काढायच्या क्षणीच ती ताणायची, एरवी सैल. हा नियम त्यांनी पुढे सगळ्या संसाराला लावला. घड्याळाला अर्धीच किल्ली. बाजेच्या दोऱ्या सैल, इतक्या की पाहुणा झोपला की पाठ जमिनीला टेके. आणि शर्टाची वरची गुंडी बारा महिने उघडी. मानेवर ताण नको म्हणून.

"अवो, गुंडी लावा की," हे काकूंचं वाक्य मी त्या घरात पंचांगातल्या तिथीसारखं रोज ऐकलं. लावलेली गुंडी मात्र पाहिली नाही.

आता या पाकळ्यांचा एक गुण असा, की त्या उघडमीट करताना आवाज करत नाहीत. केलाच तर वहीचं पान उलटल्याएवढा. मालकांच्या दृष्टीनं हा सर्वात मोठा गुण, आणि गिऱ्हाइकांच्या दृष्टीनं शुद्ध फसवणूक. माणूस श्वास रोखून, डोळे वटारून, हनुवटी वर करून बसायचा आणि वाट बघायचा. काहीच व्हायचं नाही. शेवटी न राहवून विचारायचा, "काढला का?" मालक म्हणायचे, झाला. त्याचा विश्वास बसायचा नाही. आवाज न्हाई आला, परत काढा, असा हट्ट धरायचा. एसटी स्टँडापाशी नगरच्या एका तरुणानं नवीन दुकान टाकलं होतं. त्याचा कॅमेरा लहान, पण त्याच्या पोटातला कापडी पडदा असा काही सरकायचा की खटॅक आवाज रस्त्यापलीकडच्या रसवंतीत ऐकू जाई. तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाला काहीतरी पदरात पडल्यासारखं वाटायचं. मालकांचा स्टुडिओ ओस पडायला लागला.

सगळ्यांनी त्यांना एकच सल्ला दिला, की जिभेनं एक टचकारा द्या म्हणजे झालं. मीही दिला. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना भेसळ करायला सांगितलं होतं. त्यांचं एक तत्त्व होतं. ज्याचा कॅमेरा आवाज करत नाही त्याच्यावर जबाबदारी जास्त. न सांगता कुणाचा फोटो काढायचा नाही, ती चोरी. आणि खोटा आवाज करायचा नाही, ती लबाडी. पोट कशानं भरायचं, याविषयी मात्र तत्त्व नव्हतं.

ते काकूंनी बघितलं. एके दिवशी त्या स्टुडिओच्या कोपऱ्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. स्टुलावर ब्राह्मणी गावचे एक बागाईतदार ताठ बसलेले, कधीचे. काकूंच्या हातातला अडकित्ता मिटला, खट. बागाईतदारांनी मोकळा श्वास सोडला, खांदे पाडले आणि काकूंकडे बघून हसले. मालकांनी नेमकं तेव्हा बटण दाबलं. तो फोटो बघून बागाईतदारांची बायको म्हणाली म्हणे, की हे घरी कधी असे हसत नाहीत, पण हसायचे तेव्हा असेच हसायचे.

त्या दिवसापासून काकूंची बसायची जागा ठरली. आधी त्या उठून भिंतीवरच्या आरशावर फडकं टाकायच्या. गिऱ्हाइकाला भांग पाडायला तो आरसा होता, पण उघडा राहिला तर त्यातून भलतंसलतं फोटोत येतं, म्हणून "आरसा झाका" हा मालकांचा तिसरा नियम. मग त्या कोपऱ्यात बसायच्या आणि योग्य वेळ बघून सुपारी फोडायच्या. खट झालं की माणूस सैल पडायचा, आणि सैल पडला की मालक फोटो काढायचे. मी त्यांना विचारलं, की मालक, ही लबाडी नाही का? ते म्हणाले, "ती सुपारी कातरते आहे, बाई. सुपारी खरी, अडकित्ता खरा. आवाज झाला म्हणजे फोटो झाला, असं मी कुणाला म्हटलंय?" आणि गिऱ्हाइक न सांगता फोटो काढल्याची तक्रार करूच शकत नाही, कारण ते आपल्या पायांनी येऊन स्टुलावर बसलं आहे. या माणसानं वकिली केली असती तर नगरच्या कोर्टात निकाल लागले नसते.

मालकांच्या फोटोतली माणसं म्हणूनच माणसांसारखी दिसायची. यावरही लोक भांडायचे. "माझं त्वांड असं हाय व्हय?" असं एकानं विचारलं तेव्हा मालक त्याच्याकडे नीट बघून हो म्हणाले होते.

दुष्काळाच्या वर्षी त्यांना एक मोठी संधी आली आणि त्यांनी ती हातची कशी घालवली, ते सांगितल्याशिवाय मालक कळायचे नाहीत. तालुक्यात जागोजाग दुष्काळी कामं चालू होती. एका पाझर तलावाच्या कामावर पाहुणे आले तेव्हा भर बारा वाजता मालकांनी फ्लॅशचा बल्ब उडवला. लोक हसले. दिवसा दिवा लावणारा म्हणून पोरं त्यांच्या मागे ओरडत गेली. पण फोटो आले तेव्हा टोप्यांखालचे आणि पदराखालचे सगळे चेहरे स्वच्छ दिसत होते, डोळ्यांसकट. चेअरमन खूश झाले. आता मंत्री येणार होते, आणि या खेपेला स्टँडवरच्या तरुणालाही बोलावलं होतं. जो चांगले फोटो देईल त्याला पुढचं कारखान्याचं काम कायमचं मिळणार होतं.

तरुणानं मालकांचं बघून भर उन्हात फ्लॅश उडवला. त्याचे फोटो आधी तयार झाले आणि कारखान्यावर गहजब झाला. फोटोच्या उजव्या भागातली माणसं उजळ, डाव्या भागातल्यांचे चेहरे टोपीच्या सावलीत काळे ठिक्कर. उजवीकडे विरोधी गटाचे संचालक होते, दिवाळीतल्यासारखे. डावीकडे चेअरमन. पोरगा विरोधी गटाला फितूर आहे, यात कुणाला शंका उरली नाही.

मालकांनी फक्त आपले फोटो पुढे ठेवून गप्प बसायचं होतं. त्यांनी चेअरमनना शटर समजावून सांगितलं. मी तिथे होते, आमच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं होतं म्हणून चहाला थांबले होते. मालक म्हणाले की पोराचा यात काडीचा दोष नाही. त्याच्या कॅमेऱ्यात पडदा सरकतो, वेग वाढवला की एका वेळी पडद्याची फटच उघडी असते, फ्लॅशचा उजेड तेवढ्याच पट्टीवर पडतो. माझ्या पाकळ्या कितीही वेग असला तरी क्षणभर पूर्ण उघडतात, म्हणून उजेड सगळ्यांवर सारखा पडतो. ती पट्टी कुणावर येईल हे त्या पोराच्या हातात नव्हतं. चेअरमननी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "म्हंजी तुमी बी त्यांच्यातलेच का?"

काम कोपरगावच्या कुणाला तरी गेलं. घरी आल्यावर काकूंनी एवढंच विचारलं, की त्या पोराची वकिली करायला तुमास्नी कुनी सांगितलं हुतं? मालकांनी पाकळ्या निर्दोष असल्याचं समाधान व्यक्त केलं. त्या रात्री काकू जेवताना त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण सुपारी कातरून त्यांच्या पानाशेजारी ठेवली होती.

एवढ्या फोटोंच्या घरात काकूंचा एकही फोटो नव्हता. मालकांनी किती वर्षं विनवण्या केल्या असतील कोण जाणे. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. मी स्टुलावर बसले तर अडकित्ता कोन वाजवील? हे हसण्यावारी न्यायचं उत्तर. खरं कारण त्यांनी मला एकदा निवडायला तांदूळ घेऊन बसल्या असताना सांगितलं. स्टुडिओत येणारे निम्मे लोक म्हाताऱ्या आई-बापाला घेऊन यायचे. वेळेला फोटो असावा, असं म्हणायचे, आणि ती वेळ कुठली हे म्हाताऱ्यालाही ठाऊक असायचं. काकूंनी अशी कितीतरी माणसं स्टुलावर सैल पडताना पाहिली होती आणि मग गावात भिंतीवर हारात पाहिली होती. त्या म्हणाल्या, "फोटो म्हंजी हाराची तयारी, बाई. मला काय घाई न्हाई."

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. वाचतील का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मालकांनी विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी गुपचूप नवा रोल कॅमेऱ्यात भरला. जायच्या दिवशी दुपारी ते मला हाक मारायला वर आले, तेसुद्धा चवड्यांवर. म्हणाले, "बाई, खाली या. ती बसायला तयार झाली आहे. अडकित्ता तुम्ही धरा." त्यांचा आवाज नेहमीसारखा पुस्तकी होता, पण जिन्यात त्यांनी कठडा धरला होता. फोटो कशासाठी हवा हे तिघांनाही कळत होतं.

काकू हिरवं लुगडं नेसून आल्या आणि स्टुलावर बसता बसता सवयीनं मालकांकडे बघून म्हणाल्या, "गुंडी लावा की, नगरला जायचंय." मालक तेव्हा कॅमेऱ्यात वाकलेलेच होते. मग डोकं वर करून मला म्हणाले की आरसा झाका. मी फडकं टाकलं आणि कोपऱ्यात बसले.

काकूंनी चेहरा घट्ट केला. मी सुपारी फोडली, खट. काकू हलल्या नाहीत. कशा हलतील? इतकी वर्षं हा सापळा त्यांनीच लावला होता. फोटो आवाजानंतर निघतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मी दुसरी सुपारी फोडली, तिसरी फोडली. काकू दगडासारख्या. मालक वाकलेले, बोट बटणावर. ते काकूंच्या सैल पडण्याची वाट बघत होते आणि काकू त्यांच्या बटण दाबण्याची. बाहेर हातगाडीवाला केळी विकून पुढे गेला. मला हसू येत होतं आणि पुढची सुपारी फोडवतही नव्हती. शेवटी काकूच म्हणाल्या, एसटी चुकंल, आता काय जल्मभर बसवता का? आणि उठल्या. मालकांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. वाकून वाकून रक्त उतरतं डोळ्यांत, असं ते मला म्हणाले.

काकू वाचल्या. महिन्याभरानं परत आल्या, अर्ध्या झाल्या होत्या, पण आल्या आल्या त्यांनी माठाशेजारचा कॅमेरा बाजूला सरकवला. रोल त्यानंतर धुतला गेला. मालकांचा धीरच झाला नव्हता तोवर. अख्ख्या रोलवर एकच फोटो निघाला. त्यात काकू जिवंत बसल्या होत्या, मान थोडी कलती, ओठ उघडे, रागावलेल्या आणि हसऱ्या यांच्या मधोमध. "गुंडी लावा की" म्हणतानाचा तो फोटो होता. म्हणजे मालकांनी न सांगता, न विचारता बटण दाबलं होतं. तत्त्वाचं काय झालं, असं मी विचारलं. बोट चुकून दाबलं गेलं, असं ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, ती स्टुलावर बसली होती ना, मग. मी ते सोडून दिलं.

पण त्यांना तो फोटो आवडला नाही. आरसा उघडा होता. काकूंच्या खांद्यामागे आरशात कॅमेरा घेऊन वाकलेले मालक आले होते, जरा धूसर, पण टाळूवरून कुणीही ओळखावं असे. जन्मभर दुसऱ्याला आरसा झाका म्हणणाऱ्याच्या हातून हे व्हावं, याची त्यांना इतकी लाज वाटली की कापून लहान करतो, आरसा काढून टाकतो, असं ते घोकत राहिले. काकूंनी ती फिल्म तांदळाच्या डब्यात ठेवून दिली आणि कुठे ठेवली ते आठवत नाही असं सांगितलं.

त्या जूनमध्ये माझी बदली काष्टीला झाली. जिल्हा एकच, पण दोन टोकं. जाणं झालं नाही. दोन-अडीच वर्षांनी एका कामासाठी राहुरीला उतरले तेव्हा पाय आपोआप बाजारपेठेकडे वळले. स्टुडिओचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. समोरच्या भिंतीवर काकूंचा तोच फोटो, मोठा केलेला, चौकटीत. आणि त्याला हार.

मी तिथेच स्टुलावर बसले. म्हणजे गाठीनं गाठलंच. हाराची घाई नव्हती त्यांना. मालक आतून येतील, त्यांना काय म्हणायचं, याची मी मनाशी जुळवाजुळव करू लागले. डोळे पुसले. एवढ्यात मागून आवाज आला, खट.

दारात काकू उभ्या होत्या. हातात अडकित्ता, आणि कपाळ मोकळं.

मी एकदा हाराकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. त्याच म्हणाल्या, "हार बगून घाबरला व्हय? समदेच घाबरत्यात. परवा पोष्टमन हात जोडून हुबा ऱ्हायला, आन् मीच त्याला च्या दिला." मग त्यांनी सांगितलं. मालक दिवाळीच्या आधी गेले, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, कॅमेरा मांडीवर. स्प्रिंग सैल होती. दहा दिवसांनी हार घालायला म्हणून फोटो शोधला तर घरात त्यांचा एकही फोटो नाही. गावभर माणसांच्या भिंती भरवणाऱ्याचा स्वतःचा फोटो कुणी काढलाच नव्हता. मग काकूंनी तांदळाचा डबा उपडा केला. स्टँडवरच्या त्या तरुणानं रात्रीचा दिवस करून फोटो मोठा करून दिला. त्यालाही वाटलं, की आरसा कापून टाकावा. काकू त्याला म्हणाल्या, तेवढाच तर पायजे.

मी उठून फोटोजवळ गेले. हार एका बाजूला ओघळला होता, आरशाच्या कोपऱ्यावर. वर फक्त टाळू दिसत होती, ओळखीची. हार तिरका झालाय, सरळ करू का, असं मी विचारलं.

"नको," काकू म्हणाल्या. "सरळ केला की माझ्या गळ्यात येतोय. आन् तितनं काढला की ह्यांची उघडी गुंडी दिसती."